काठी वाढवली

१

ईश्वरीचा प्रबंध बुडाला तर फायदा कोणाचा? नचिकेतचा. परभणीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात हा हिशेब शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी परस्पर मांडून टाकला होता. संगणक आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला त्या वर्षी नाव घेण्यासारखे दोघंच होते, आणि हैदराबादच्या एका संशोधन संस्थेनं इथून एकाच विद्यार्थ्याला बोलावलं होतं. पंगतीत पानं दोन आणि पुरणपोळी एकच. मग ईश्वरीच्या पानात माती कोणी कालवली, हे वेगळं विचारायची गरज कोणाला वाटेना.

विमलाबाईंना वाटली. त्या मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका. यंत्रांमधलं त्यांना काही कळत नसे, आणि तसं त्या आल्या आल्या सांगून टाकत. चौकशी समितीत 'एक बाहेरची व्यक्ती' हवी असा नियम होता, म्हणून प्राचार्यांनी त्यांना बोलावलेलं. बाहेरची व्यक्ती चहा घेईल, सही करील आणि घरी जाईल, अशी त्यांची अपेक्षा. विमलाबाईंनी चहा घेतला आणि सही राहू दिली.

"फायदा कोणाचा ते झालं तुमचं मांडून," त्या म्हणाल्या. "भुर्दंड कोणाला पडला?"

"म्हणजे?"

"जमेची बाजू दाखवलीत. खर्चाची बाजू कोरी आहे. कोऱ्या पानावर मी सही करत नसते."

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रकरण त्यांच्या लेखी दोन ओळींचं होतं. ईश्वरीनं राणीसावरगावच्या शेतांमध्ये छोटी यंत्रं पुरली होती. ती मातीतली ओल मोजायची आणि मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून न राहता रेडिओ लहरींवरून एका पेटीला कळवायची. पेटी गावातल्या सगळ्यात उंच घराच्या, दगडाबाईंच्या, माळवदावर बसवली होती. पेटीचा कान म्हणजे तिचा अँटेना, पांढऱ्या काठीसारखा सरळ. प्रबंधात ईश्वरीनं लिहिलं होतं की दसऱ्याच्या सुमारास अँटेनाची उंची वाढवली आणि त्यानंतर लांबच्या शेतांतले संदेशही पोचू लागले. बाहेरच्या परीक्षकांनी माळवदाचा ताजा फोटो मागवला, जुन्या फोटोशेजारी ठेवला आणि विचारलं, उंची वाढली ती कुठे? काठी होती तेवढीच होती.

म्हणजे मजकूर खोटा. मजकूर खोटा तर आकडेही खोटे असणार. आकडे खोटे ठरले की प्रबंध रद्द, पदवी गेली, हैदराबाद गेलं.

"आणि दुसरी ओळ?" विमलाबाईंनी विचारलं.

"विभागाचा सगळ्यात चांगला अँटेना कपाटातून गायब आहे," प्राचार्य म्हणाले. "नचिकेतच्या प्रयोगासाठी आणलेला. त्याचं म्हणणं, मला माहीत नाही."

"दोन्ही एकाच सुमाराचं?"

"अं... हो. तसं दसऱ्यानंतरचंच."

विमलाबाईंनी चष्मा पुसला. एकाच विभागात, एकाच सणाला, एका अँटेनाची उंची वाढते आणि दुसरा नाहीसा होतो. त्या पुटपुटल्या, "तुमच्याकडे काठ्यांना पाय फुटायलेत की काय?"

२

ईश्वरीच्या मार्गदर्शक राजेश्री मॅडम भोपाळला वाढलेल्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. हुशार, नेटक्या, आणि त्या दिवशी रडवेल्या.

"ते वाक्य मुळात माझं आहे," त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. "ईश्वरीला डेंग्यू झाला होता. दवाखान्यात सलाइन चाललेलं, फोन तिच्या आईकडे. पेटीवर अडचणीसाठी माझा नंबर लिहिलाय. खंडेनवमीला प्रयोगशाळेत आम्ही यंत्रांची पूजा करत होतो, तेव्हा दगडाबाईंचा फोन आला. हात हळदीचे होते, म्हणून स्पीकरवर घेतला. त्या म्हणाल्या, 'बाई, काठी वाढवली.' मी म्हटलं, छान! त्या म्हणाल्या, 'छान काय म्हणता?' आणि लाइन तुटली."

"पुन्हा लावलात?"

"लागला नाही. मग सुट्ट्या, ईश्वरीचं आजारपण... ती परत आली तेव्हा मी तिला सांगितलं, गावात कोणीतरी काठी उंच करून दिलीय. तिला चढउतार झेपणारी नव्हती, तिनं माझ्या शब्दावर लिहिलं. आणि आलेख बघा ना! संदेश खरंच वाढलेत."

आलेख म्हणजे कागदावरची एक निळी रेघ. विमलाबाईंनी तो उभा-आडवा करून पाहिला. रेघ सपाट चालत येत होती, खंडेनवमीला धपकन खाली पडली होती आणि दसऱ्यापासून आधीपेक्षा वर चढून बसली होती.

"ही मधेच विहिरीत का पडली?"

"काम चालू असताना पेटी बंद ठेवली असेल."

"मग एकही संदेश आला नसता. इथं जवळच्या शेतांचे आलेत, लांबचे गेलेत. माणूस बहिरा झाल्यावर शेजारचं ऐकू येतं, गल्लीतलं येत नाही, तसं काहीतरी दिसतंय." विमलाबाईंनी कागद खाली ठेवला. "मला यंत्रातलं कळत नाही, हं. पण माझे यजमान कानातलं मशीन काढून ठेवतात तेव्हा अगदी असंच होतं."

राजेश्रीबाईंनी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी त्या रेघेकडे नजर लावली. "उंची वाढवली तर आधी खाली जायचं कारण नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हे मला सुचलं कसं नाही?"

"चांगली बातमी कोणी तपासून घेत नाही. फोन आला तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मी आणि नचिकेत. गोपाळ पूजा मांडून गावी निघून गेला होता."

३

गोपाळ म्हणजे प्रयोगशाळेचा सहायक. कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली, आणि तीच दाखवत तो आत आला.

"मॅडम, किल्ली माझ्याकडं हाय म्हणून चोरी माझ्यावर ढकलायलेत. तुमीच सांगा, ती लांबलचक नळी घेऊन मी काय करू? लग्नात मांडवाला लावू?"

"माळवदाचा ताजा फोटो तुम्हीच काढून आणलात ना?"

"आणला की. खालून."

"वर का नाही चढलात?"

"गुडघे, मॅडम. शिवाय दगडाबाई हुरडा भाजायल्या होत्या. हुरडा खाली, फोटो वर. मधला रस्ता म्हणून खालूनच काढला."

"आणि तो अँटेना कपाटात होता कधी?"

गोपाळनं मान खाजवली. "खरं सांगू का? कपाटात नव्हताच. नचिकेत उसाच्या फडात मोजमाप करायलाय म्हणून त्याच्याच ताब्यात होता. खोलीवर ठेवायचा, जपायचा. झोपताना उशाला घेतो का, असं मी चेष्टेनं इचारलं बी होतं."

म्हणजे किल्लीचा प्रश्न मिटला. ज्याच्या ताब्यात काठी होती, त्यालाच काठी कुठे आहे ते माहीत नव्हतं.

नचिकेत आला तो दारातच थबकला. उंच, सावळा, बोलायच्या आधी शब्द तपासून घेणारा. देवगाव फाट्याजवळच्या मारुतीच्या पूजेचा मान त्याच्या घराकडे. पहाटे घंटा आणि मग शाळा, असं सगळं लहानपण गेलेलं. विमलाबाईंनी खुर्ची पुढे ढकलली, तसा त्यांचा हात टेबलाच्या कडेवर आपटला. बांगडीची काच किणकिणली.

नचिकेत पटकन वाकला. "वाढवली वाटतं, मॅडम. लागलं तर न्हाई?" हिरवे तुकडे त्यानं एकेक करून तळहातावर घेतले, आणि केराच्या टोपलीकडे न जाता खिडकीतल्या कुंडीपाशी ठेवले.

"नाही लागलं. बैस. अँटेना कुठाय?"

"माहीत न्हाई."

"तुझे प्रयोग अर्धेच राहिलेत म्हणे."

"हो."

"मग दुसरा का मागितला नाहीस? तक्रार का केली नाहीस? आपली वस्तू गेली की माणूस आधी ओरडतो. तू एक सत्र मुदतवाढ मागून गप्प बसलास."

तो खिडकीकडे पाहत राहिला.

"ईश्वरी बुडाली तर हैदराबादला तू जाणार, हे ठाऊक आहे ना?"

आता मात्र त्यानं नजर वळवली. "अर्ज मागं घेतलाय मी, मॅडम. मुदतवाढ मागितली त्याच दिवशी. राजेश्री मॅडमना सांगू नका."

विमलाबाईंचा पेन हातातच राहिला. सगळ्या कॉलेजानं ज्याच्या जमेत हैदराबाद लिहून ठेवलं होतं, त्यानं ते स्वतःच्या हातानं खोडलं होतं. आणि कोणाला कळूही दिलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी विमलाबाई गंगाखेडच्या एसटीत बसल्या आणि तिथून राणीसावरगावला पोचल्या. शेजारी ईश्वरी. विमलाबाई नको म्हणत असतानाही ती निघाली होती. डेंग्यूनंतर अजून ओढलेली, पण डोळ्यांत धग.

"एक विचारू, मॅडम? नचिकेतनं काही केलंय, असं तुम्हाला वाटतं?"

"तुला काय वाटतं?"

"सगळे म्हणायलेत. पण त्यानं पेटी बसवताना माझ्याबरोबर दिवसभर ऊन खाल्लं. ज्याला बिघडवायचं असतं, तो इतकं नीट बसवत नाही."

विमलाबाईंनी हे वाक्य मनातल्या मनात जमेला धरलं.

दगडाबाई अंगणातच भेटल्या. पदर खोचलेला, आवाज माळवदापलीकडे जाणारा.

"या, या! पोरी, किती वाळलीस गं! बस, आदी हुरडा खा. मग बोल."

हुरडा खाल्ल्याशिवाय साक्ष मिळणार नव्हती. विमलाबाईंनी खाल्ला, चटणीसकट, आणि मग विचारलं, "दगडाबाई, खंडेनवमीला तुम्ही फोन केलात. काय सांगितलंत?"

"काय सांगणार? काठी वाढवली म्हणलं. त्या शिकलेल्या बाई 'छान' म्हणल्या! म्या म्हणलं, हिला काय येड लागलं का?"

"वाढवली म्हणजे काय झालं?"

दगडाबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता सण सरला, म्हणून सांगते. मोडली. खंडेनवमीला इळे, खुरपी, फाळ, समद्यांची पूजा केली. म्हणलं, ईश्वरीचं यंत्र बी आवजारच की. काठीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. गाईला चारा घालून आले, तवर एक वांदर हार खायला काठीवर लोंबकळायलंय! काडकन..." त्या थांबल्या. "वाढवली."

ईश्वरीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "मोडली? मावशी, मला का नाही सांगितलं?"

"आगं, पूजेतल्या वस्तूला सणाच्या दिवशी मोडली म्हणावं का? नारळ वाढवतेत, बांगडी वाढवतेत, तशी काठी वाढवली. दसऱ्याला मी लेकीकडं गंगाखेडला गेले, सांजेला येऊन बगते तर काठी पुन्हा उभी! म्हणलं, कालेजवाल्यांनी समजून घेतलं. मग सांगायचं काय राहिलं?"

"मोडका तुकडा?"

"तुळशीपाशी व्हता. फूल वाहून ठेवलेला. कोण आलं व्हतं मला ठाव न्हाई, पण चांगल्या घरचं व्हतं."

विमलाबाई शिडी चढल्या. ईश्वरी मागोमाग. काठी सरळ उभी होती. अडकवलेली आपट्याची पानं आता वाळून तांबूस झालेली. बुडाशी लाल-पिवळा नाडा फेऱ्यांवर फेरे देऊन गच्च गुंडाळलेला. ईश्वरीनं काठीवर बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, ही माझी नाही. ही जाड आहे."

विमलाबाईंनी नाड्याला हात घातला, तशा खालून दगडाबाई कडाडल्या, "ओ बाई! पूजेचा नाडा सोडू नका!"

"मी नाही सोडत. तुम्ही या वर, हळदकुंकू घेऊन. तुमच्या हातानं सोडा."

दगडाबाई आल्या. काठीला कुंकू लावलं, हात जोडले, गाठ सोडली. नाड्याखाली तांबड्या ऑइलपेंटमध्ये विभागाचं नाव होतं.

५

प्रयोगशाळेत सगळे जमले. प्राचार्य, राजेश्रीबाई, गोपाळ, ईश्वरी, आणि दाराजवळ नचिकेत.

"चोरी झालेली नाही," विमलाबाई म्हणाल्या. "आणि खोटंही कोणी लिहिलेलं नाही. एक शब्द दोन घरांत दोन अर्थांनी राहतो, एवढंच झालंय. दगडाबाई 'वाढवली' म्हणाल्या म्हणजे मोडली. राजेश्रीबाईंनी ऐकलं, उंच केली. बाईंचा दोष नाही. भोपाळला काठी वाढवतात ती खरोखरच वाढते."

राजेश्रीबाईंनी कपाळाला हात लावला.

"काठी मोडली म्हणून रेघ विहिरीत पडली. दसऱ्याला कोणीतरी विभागाचा चांगला अँटेना तिथं उभा केला, म्हणून रेघ वर चढली. आता तो कोण? ज्यानं फोन ऐकला, ज्याला शब्द कळला आणि ज्याच्या हातात अँटेना होता, असा माणूस हवा. राजेश्रीबाईंनी फोन ऐकला, शब्द कळला नाही. गोपाळला शब्द कळला असता, पण तो गावाला निघून गेला होता."

"झेंडू तोडायलो होतो मी, घरी," गोपाळनं साक्ष दिली.

"ईश्वरी दवाखान्यात. उरतं कोण? ज्याच्या घरी रोज देवापुढं नारळ वाढवतात. माझी बांगडी फुटली तेव्हा ज्याच्या तोंडून 'वाढवली' आपोआप आलं. ज्यानं तुकडे केरात टाकले नाहीत. मोडकी काठी तुळशीपाशी ठेवणारा आणि काच कुंडीपाशी ठेवणारा हात एकच. आणि विभागाच्या नावावर नाडा बांधायची अक्कल पुजाऱ्याच्या पोरालाच सुचणार. स्टिकर लावला असता तर कोणीही खरवडून पाहिला असता. पूजेच्या नाड्याला या जिल्ह्यात कोण हात लावतो?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नचिकेत जमिनीकडे बघत होता.

"अरे, पण सांगायचं ना!" राजेश्रीबाई म्हणाल्या. "मला जरा समजावलं असतंस!"

"सांगणारच होतो, मॅडम. पण पेटी आणखी एक दिवस जरी बहिरी राहिली असती तर ईश्वरीचा हंगाम फुकट. कापणीच्या तोंडावर ओल रोज उतरत होती. आधी काठी लावून आलो. मग आलेख चढलेला बघून तुमी इतक्या खूश झालात... आणि मला भीती वाटली. मधेच अँटेना बदलला म्हटलं की परीक्षक समदे आकडे बाद करतील. परत आणावा तर रेघ पुन्हा पडायची. म्हणून गप बसलो. चुकलं माझं."

"अर्धं चुकलं," राजेश्रीबाई आता मार्गदर्शकाच्या आवाजात बोलत होत्या. "मातीतली ओल यंत्र जमिनीत मोजतं. ते आकडे काठीवर अवलंबून नाहीत, ते शाबूत आहेत. किती लांबचं ऐकू आलं, तेवढंच प्रकरण दोन भागांत लिहावं लागेल, जुना अँटेना आणि नवा अँटेना. उलट तुलना मिळाली. परीक्षकांना मी स्वतः लिहिते, चूक माझ्या कानाची होती म्हणून."

 ईश्वरी उठून नचिकेतसमोर उभी राहिली.

"तुझा प्रयोग? तुझं हैदराबाद?"

"पुढल्या वर्षी बघू."

"माझ्यासाठी का?"

नचिकेतनं मान वर केली. 

"पहिल्या सत्रात माझं सेमिनार होतं, आठवतंय? मराठीतून शिकून आलेलो. फळ्यापुढं उभा राहिलो आणि तोंडातून शब्द फुटंना. मागं हसायलेत. तू हात वर करून एक प्रश्न विचारलास. लय सोपा. उत्तर तुला येत होतं, मला माहीत होतं. तरी विचारलास. त्या उत्तराला धरून मी पुढचं समदं बोललो. त्या दिवशी बॅग भरूनच आलो होतो मी. देवगाव फाट्याला परत जायचं म्हणून."

"एवढ्यासाठी?" ईश्वरीनं विचारलं.

"तुला एवढंसं वाटतंय. मला एम.टेक. वाटतंय."

गोपाळनं नाक शिंकरलं आणि धुळीला दोष दिला.

६

विमलाबाईंनी सही केली, पण आधी पान पुरं भरलं. प्रबंध शाबूत, दुरुस्तीसह. अँटेना सापडला, परवानगी मागच्या तारखेची नाही, आजच्या तारखेची. नचिकेतला लेखी समज, आणि ती लिहिताना प्राचार्यांचं अक्षर नेहमीपेक्षा मऊ आलेलं.

काठी हंगाम संपल्यावर परत आली. ती धरून उसाच्या फडात उभं राहायला ईश्वरी जाते. नचिकेत दूरवरून आकडे ओरडून सांगतो, ती टिपून घेते, आणि हैदराबादला जाण्याआधी त्याचं मोजमाप पुरं करायचं म्हणून हटून बसली आहे. राणीसावरगावच्या पेटीला राजेश्रीबाईंनी नवा अँटेना बसवून दिला. तो बसवताना दगडाबाईंना विचारलं, "आता काही झालं तर काय म्हणायचं?" दगडाबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी मोडली म्हणीन, बाई. देव समजून घेईल."

घरी यजमानांनी विमलाबाईंच्या हाताकडे बघून विचारलं, "एक बांगडी कमी दिसतेय?"

"वाढवली," त्या म्हणाल्या आणि खिडकीशी बसून नेहमीप्रमाणे मनातला जमाखर्च जुळवू लागल्या. झेंडू वानरानं खाल्ला, मान राजेश्रीबाईंनी खाली घातली, बांगडी त्यांची स्वतःची गेली. पण सगळ्यात मोठा भुर्दंड नचिकेतनं भरला. एक सत्र, एक जागा, आणि महिनोन्‌महिने चोर म्हणवून घेणं. हे सगळं भरून झाल्यावर निघताना वाकून नमस्कार करून तो म्हणाला होता, "मॅडम, उपकार झाले."

विमलाबाईंनी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. ज्यानं सगळ्यात जास्त भरलं, तोच आभार मानत होता. हिशेब कुठेच चुकला नव्हता.